संचालक महोदय, गडाची खाण गडावरच आहे

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, सेंट जॉर्ज किल्ला, मुंबई



11 जुलै 2025 रोजी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार आपल्याकडे. यातला राजगड आमचा. गुंजवण्याकडून चोरदरवाजानं चढा, पालीकडून राजमार्गानं या, नाहीतर भुतोंड्याकडून अळू दरवाजा गाठा, भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांना तो सारखाच जवळचा. यादीत नाव आल्याचा आनंद इकडे झाला. आता पैसा येईल, अंदाजपत्रकं होतील, निविदा निघतील. त्या निघायच्या आत एक गोष्ट आपल्या कानावर घालावी म्हणून हे पत्र, आणि चारचौघांनाही ती कळावी म्हणून उघडं.

मी भोरचा. ओव्हरसिअर म्हणून बांधकामांवर उभी हयात गेली. रस्त्याची खडी, मोरीचं डबर, जोत्याची खांडकी, सगळं ब्रासात मोजायचं आणि मोजमाप पुस्तकात चढवायचं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. हा हिशेब एकदा अंगात भिनला की माणूस देवळात गेला तरी हात जोडायच्या आधी शिखराचे ब्रास मोजतो. या खोडीपायी राजगडावर गेलं की मला पहिला प्रश्न पडतो तो मोहिमांचा किंवा तहांचा नसतो. एवढा दगड आणला कुठून, हा असतो.

खालून आणला नाही, हे नक्की. गुंजवण्यातून पद्मावती माचीवर रिकाम्या हातानं चढताना तरण्या पोराला घाम फुटतो. डागडुजीची वाळू आणि चुना आजही माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरच चढतो. काळ्या कातळाचा एक अखंड ब्रास आठ टनांच्या पुढे भरतो. खालच्या गुंजण मावळातून असे हजारो ब्रास त्या डोंगरावर ओढून नेण्याचा खुळेपणा कुठल्याही शहाण्या कारभाऱ्यानं केला नसता, आणि मुरुंबदेवाच्या डोंगरावर, म्हणजे इथं राजगडावर, राजधानी बांधायला घेणारे तर फारच शहाणे होते. दगड वरचाच आहे. गडाची खाण गडावरच आहे, फक्त तिच्यात आता पाणी आहे म्हणून ती कुणाला खाण वाटत नाही.

कातळात खोदलेल्या टाक्याकडे आपण पाण्याची सोय म्हणून पाहतो. फलकावरही तेवढंच असतं: पाण्याचं टाकं, आणि खाली बाण. जरा मोजून पाहू. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, आठ फूट खोल असं एक मध्यम टाकं धरा. हे कुठल्या ठरावीक टाक्याचं माप नाही, हिशेबापुरतं धरलेलं आहे. 2400 घनफूट झाले, म्हणजे चोवीस ब्रास. वजन दोनशे टनांच्या अलीकडे-पलीकडे. एवढा दगड पाथरवटानं महिनोन् महिने घाम गाळून फोडला आणि पन्नास पावलांवर तट उभा राहत असताना तो कड्यावरून दरीत ढकलून दिला, असं कुणाला वाटतं का? तो तटात गेला. जो खड्डा उरला त्यात 68 हजार लिटर पाणी मावतं. माणशी रोज पाच लिटर धरलं तर तीनशे जणांच्या शिबंदीला दीड महिना पुरेल एवढं. एकाच खोदाईत तटाला दगड मिळाला आणि वेढ्याला पाणी मिळालं.

तटाचा सगळा दगड टाक्यांतूनच निघाला, असं मी म्हणणार नाही. हिशेब तसं म्हणू देत नाही. दहा फूट उंच, पाच फूट जाड आणि शंभर फूट लांब तट म्हणजे पन्नास ब्रास. आपल्या त्या मध्यम टाक्यातून अशा तटाची जेमतेम पन्नास फूट लांबी निघते. संजीवनी माची एकटी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, तिला टप्प्याटप्प्यानं तट आणि वर चिलखती बुरूज. टाक्यांत एवढा दगड कुठून असणार? मग उरलेला कड्यातून आला. जिथं डोंगराचा उतार माणूस चढू शकेल असा होता, तिथं तो तासून उभा केला. तासताना जो दगड निघाला तो त्याच कड्याच्या डोक्यावर तट म्हणून चढवला. म्हणजे कडा जेवढा खाली गेला तेवढा तट वर आला, आणि शत्रूला चढायची उंची दोन्हीकडून वाढली. हे लिहिताना सुद्धा मला त्या कारागिरांचा हेवा वाटतो. आमच्या खात्यात खोदाईचं अंदाजपत्रक वेगळं, भरावाचं वेगळं, पाणीपुरवठ्याचं तर खातंच वेगळं.

खोदाई कुठं करायची हेही डोळे मिटून ठरत नाही. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. एखादा थर घट्ट, काळाभोर, घण मारला तर खणकन वाजणारा. त्याच्या वरचा किंवा खालचा थर बुडबुड्यांनी पोकळ झालेला, पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला. दोन थरांच्या मध्ये कधी विटकरी लाल मातीचा पट्टा. घट्ट थरातून घडीव चिरा निघतो आणि त्यात पाणीही टिकतं. भेगा आणि सांधे नेमके ओळखता आले पाहिजेत, कारण दगड फोडायला भेग हवी आणि पाणी धरायला भेग नको. हे दोन्ही एका जागेत साधायचं म्हणजे पाथरवटाला खडक वाचता आला पाहिजे. राजगडावर चढताना, तोरण्याच्या झुंजार माचीकडे जाताना, कड्यात हे थर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात. टाकी कुठल्या थरात आहेत हे एकदा नकाशावर मांडलं, तर ती वाटेल तिथं खोदलेली नाहीत हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

फोडायची रीत साधी आणि जीवघेणी. छिन्नीनं सरळ रेषेत खोबण्या पाडायच्या, त्यांत पाचरी बसवायच्या, एकीमागून एकीवर घण घालत जायचं. रेषेवर दगड सुटतो. गडावरच्या उघड्या कातळात दिसणारं प्रत्येक भोक तंबूच्या नाहीतर मांडवाच्या खांबाचं असतं, असा आपल्याकडे समज आहे. खांबाचं भोक गोल, खोल, एकटं-दुकटं. पाचरीची खोबण चपटी, उथळ, आणि शेजारी तिची भावंडं रांगेत. एवढा फरक कळला तरी पुष्कळ झालं. ती रांग म्हणजे त्या दिवशीचं काम कुठं थांबलं याची खूण. नावाचा शिलालेख पाथरवटाला कुणी कोरू दिला नाही. त्याची सही तीच.

आता कागदाकडे येतो, कारण आपलं खातं कागद मागतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं असलेल्या 1715 च्या आज्ञापत्रात दुर्गांवर जे लिहिलंय ते आपल्याला मी सांगायचं म्हणजे अतिच झालं. पण एका ओव्हरसिअरला त्यात काय दिसतं तेवढं ऐका. गडाच्या जागेला आधी पाणी पाहावं, असं ते सांगतात. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नये, कारण झुंजात तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. साठ्याचं पाणी म्हणून दोन-चार टाकी वेगळी राखावीत. इतिहासकार यात दूरदृष्टी पाहतात. मला कामाचा क्रम दिसतो. टाकं आधी, तट मागून. का, तर चुना मळायला पाणी लागतं, कामावरच्या माणसांना आणि जनावरांना पाणी लागतं, आणि तटाला दगड लागतो. तिन्ही एका खड्ड्यातून. गडावर लोहार, सुतार, पाथरवट, चांभार यांची एक-दोन माणसं कायमची ठेवावीत असंही त्यात आहे. पाथरवट बांधकाम संपल्यावर घरी जात नव्हता. गडाची खाण शिबंदीइतकीच कायम होती.

त्याच आज्ञापत्रात दारूखान्याची तजवीज आहे. राहत्या घरांपासून आणि सदरेपासून दूर बांधावा, त्याला तळघर करावं, तळघराला गच करावा, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, ओल लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं माल बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. दारूगोळा जमिनीखाली ठेवायचा, तर शत्रूच्या गोळ्यापेक्षा ओलीची धास्ती जास्त, हे त्यांना माहीत होतं. पद्मावती माचीवर दारूकोठाराचे अवशेष आहेत. त्याखाली पोकळी आहे का, हे आज एक दगडही न हलवता जमिनीखाली पाहणाऱ्या रडारनं तपासता येतं. तपासावं, एवढंच. दारू वर ठेवली की काय होतं हे रायगडानं मे 1818 मध्ये पाहिलं; कोठारावर गोळा पडला आणि गड पेटला.

साहेब, परदेशाचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याकडे फाइल हलत नाही, म्हणून देतो. इंग्लंडमध्ये बाथ शहराजवळ कॉर्शम आणि बॉक्स अशी गावं आहेत. बाथची पिवळसर देखणी घरं ज्या चुनखडकाची आहेत, तो तिथल्या जमिनीखालून निघाला. खडक मऊ आणि थरात बसलेला, त्यामुळे वरचं शेत तसंच ठेवून खाली शिरायचं आणि छत तोलायला खांब सोडत सोडत पुढं खणत जायचं. मैलोन् मैल दालनं झाली. 1930 च्या दशकात ब्रिटिश लष्करानं या जुन्या खाणी ताब्यात घेऊन तिथं दारूगोळ्याचं मध्यवर्ती कोठार केलं. दुसऱ्या महायुद्धात त्यातल्या स्प्रिंग क्वारी नावाच्या खाणीत विमानाच्या इंजिनांचा कारखाना बसवला. पुढं शीतयुद्धात, अणुबॉम्ब पडलाच तर सरकारला दडायला गुप्त ठाणंही तिथंच केलं. ओल काढायला तिथंही मोठाले पंखे लावावे लागले. अमात्यांच्या हवालदाराचं काम तिथं विजेनं केलं. कारखान्याच्या उपाहारगृहाच्या भिंतींवर ओल्गा लेहमन नावाच्या चित्रकर्तीनं काढलेली चित्रं आज कायद्यानं जपलेली आहेत. फ्रान्समध्ये आरास शहराखालच्या मध्ययुगीन खाणी पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या भुयार खोदणाऱ्या तुकडीनं एकमेकींना जोडल्या आणि 9 एप्रिल 1917 च्या हल्ल्याआधी हजारो सैनिक त्यात दडून राहिले. आज तिथं संग्रहालय आहे. रँसच्या रोमनकालीन खडूच्या खाणींत शँपेन मुरते, आणि 2015 मध्ये ती तळघरं त्याच वारसा यादीत गेली ज्या यादीत आता राजगड आहे. तेव्हा खाण ही वारशाची वस्तू असू शकते, हे युनेस्कोला पटवायची गरज उरलेली नाही. आपल्याला पटलं म्हणजे झालं.

त्यांच्या आणि आपल्या खाणींत फरक मोठा आहे. त्यांची खाण आधी दमली, बंद पडली, विसरली गेली. मग युद्ध आलं म्हणून कुणाला तरी तिची आठवण झाली. आपल्या गडांवर दुसरा उपयोग पहिल्या घावाच्या आधीच ठरलेला होता. खाणीचा आकार टाक्याच्या सोयीनं ठेवायचा: कड सरळ, उतरायला पायऱ्या राहतील असे टप्पे, पाणी वाहून आत येईल असा उतार. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे अगदी सारखी. सिंहगडाच्या देवटाक्यापाशी वाकून आत पाहा, किंवा शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांपाशी. कातळाच्या पोटात शिरलेली पोकळी, आणि छत खाली येऊ नये म्हणून मुळच्याच कातळाचे सोडलेले खांब. कॉर्शमच्या खाणकामगाराला तिथं उभं केलं तर पाण्याखाली काय आहे ते त्याला सांगावं लागणार नाही. वर छत ठेवलं की ऊन लागत नाही, पाणी उन्हाळ्यात कमी उडतं, पाला-पाचोळा पडत नाही. देवटाक्याचं पाणी गांधीजी पुण्यात आले की मागवत, असं सांगतात.

जुनी पोकळी हाताशी आली तर तीही आपल्या लोकांनी सोडली नाही. शिवनेरीवर बौद्ध लेणी आधीची, किल्ला नंतरचा. भिक्खूंची दालनं गडाच्या पोटात सामावली गेली. लोहगडावरच्या लक्ष्मी कोठीला तर नावच कोठीचं मिळालं. विसाव्या शतकात हाच खडक आणखी एका कामाला आला. कोयनेच्या पोफळी वीजघराला डोंगराच्या आत दालन कोरलं आणि 1962 पासून तिथं वीज निघू लागली. तिथं हिशेब उलटा होता: दालन हवं होतं आणि निघालेला दगड ही अडचण होती. गडावर दगड हवा होता आणि दालन, म्हणजे टाकं, हा नफा होता. आपलं कार्यालय 1769 च्या सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भिंतींच्या आत आहे, तेव्हा लष्करी बांधकाम नंतर कशाकशाला उपयोगी पडतं हे आपल्याला रोज खुर्चीत बसूनच दिसत असेल.

आता माझी भीती सांगतो. गडांवर गाळ काढण्याचं काम सध्या जोरात आहे. शनिवार-रविवारी पोरं स्वतःच्या खर्चानं येतात, घमेली भरून गाळ उपसतात, रात्री पिठलं-भाकरी खाऊन तिथंच झोपतात. त्यांच्या कष्टाला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण टाक्याच्या तळाचा शेवटचा हातभर थर हा गाळ नसतो. त्यात छिन्नीच्या कपच्या असतात, मोडलेली पाचर असू शकते, अर्धवट सुटलेला चिरा तळाला चिकटून असतो. तो पहारीनं उचकटून काढला की टाकं स्वच्छ दिसतं, आणि खाण पुसली जाते. भिंतीवरचे छिन्नीचे घाव तारेच्या ब्रशनं घासले की तेच. एका गडावर मी टाक्याच्या काठाला सिमेंटचा कठडा आणि त्यावर रंगीत फरशी पाहिली; गडाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांनी केलं त्यांनी भक्तीनं केलं होतं. सिमेंटखाली खोबण्यांची रांग गेली की ती परत दिसत नाही.

दुसरी भीती डागडुजीच्या दगडाची. तटाचा एखादा पाखा ढासळला आणि निविदा निघाली की ठेकेदारापुढं दोनच वाटा असतात. खालून दगड चढवायचा, तो परवडत नाही. नाहीतर वर इकडं-तिकडं पडलेला दगड गोळा करायचा, तो फुकट मिळतो. पडलेला चिरा त्याच तटाचा असेल तर ठीक. पण खाणीत अर्धा घडवून सोडलेला दगडही ठेकेदाराच्या माणसाला पडलेलाच दिसतो. 1960 च्या राज्याच्या कायद्यानं संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदाई करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. अर्धवट चिरा उचलून नेणं मोजमाप पुस्तकात खोदाई म्हणून चढत नाही, हेही ठाऊक आहे. तेवढी फट बुजवा. निविदेच्या अटींत एक ओळ घाला, की दुरुस्तीचा दगड कुठून घेतला ते जागेच्या छायाचित्रासह लिहून दिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. बिल अडकलं की सगळे नियम पाठ होतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मागण्या माझ्या फार नाहीत. राजगड, तोरणा आणि रोहिडा या तिन्ही गडांवरच्या टाक्यांचं एकत्र मोजमाप करा. लांबी, रुंदी, खोली, कातळाचा थर, घावांची दिशा, खोबण्या, आणि जवळच्या तटाचं अंतर. तोरणा आणि रोहिडा वारसा यादीत नाहीत, याची कल्पना आहे. पण तोरण्याच्या दुरुस्तीत सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला ही गोष्ट आपण सगळीकडे सांगतो. मग तोरणटाकं आणि खोकडटाकं मोजताना हात आखडता कशाला? शिवाय हे तिन्ही गड भोर संस्थानाच्या पंतसचिवांच्या ताब्यात होते, संस्थानाच्या तालुक्यांना राजगड, प्रचंडगड (तोरणा), विचित्रगड (रोहिडा) अशी त्यांचीच नावं होती. वेल्हे तालुक्याला आता राजगड नाव मिळालंय, ते खरं म्हणजे परत आलंय. सचिवांच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरात पाथरवटांच्या मजुरीचे, चुन्याचे, लोखंडाचे हिशेब निघतील का, हे पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणारा एखादा अभ्यासक बसवून पाहा. टाकं खोदायला किती माणसं, किती दिवस, हे एका जरी कागदात मिळालं तरी माझ्यासारख्याला बखरीपेक्षा जास्त आनंद होईल.

मोजमाप झालं की फलक बदला. टाक्याशेजारच्या फलकावर एवढंच लिहा: यातून अंदाजे इतका ब्रास दगड निघाला, तो बहुधा समोरच्या या तटात आहे, आणि यात इतकं लिटर पाणी मावतं. समोरच्या तटाकडे बाण दाखवा. लोक आपोआप एकदा टाक्याकडे आणि एकदा तटाकडे पाहतील. रोपवेची चर्चा अधूनमधून उठते, तिच्यावर माझं मत मागितलेलं नाही. पण चढून येणाऱ्याला आणि टांगून येणाऱ्याला दोघांनाही दाखवायला वर काहीतरी समजण्याजोगं हवं.

गाळ काढणाऱ्या संस्थांना परवानगी देताना सोबत एक पानभर सूचना द्या, मराठीत, चित्रांसकट. शेवटचा हातभर थर तज्ज्ञ आल्याशिवाय हलवू नये. निघालेला गाळ चाळल्याशिवाय कड्यावरून टाकू नये. भिंती घासू नयेत. पोरं ऐकतील, ती गडावर येतात तीच मुळात ऐकायला.

यानंतरची गोष्ट आपल्या खात्याची नाही, म्हणून या पत्राची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना देतोय. पुणे-सातारा रस्त्यानं खेड-शिवापूर सोडून भोरकडे येताना दोन्ही बाजूंच्या डोंगरांना लागलेले कापे दिसतात. रस्ता हवा तर खडी हवी आणि खडी हवी तर क्रशर हवा. हे नाकारायला मी काही संन्यासी नाही, माझी पेन्शन त्याच खडीवर पिकली आहे. भाटघरच्या धरणाची ती प्रचंड दगडी भिंतही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कुठल्यातरी डोंगराचा दगड फोडूनच उभी राहिली. प्रश्न खड्ड्याचा आहे. गौण खनिजाचा परवाना देताना किती ब्रास काढणार हे लिहून घेतात आणि रॉयल्टी भरून घेतात. खड्डा कोणत्या आकाराचा ठेवणार, त्याच्या कडेला उतरायला टप्पा राहील का, पावसाचं पाणी कुठून आत येणार आणि कुणाच्या शेताला जाणार, हे कागदोपत्री कितीही असलं तरी जागेवर मला दिसलेलं नाही. उभ्या कडांचा, हिरव्या पाण्याचा, कुंपण नसलेला खड्डा मागं राहतो आणि त्यात दर उन्हाळ्यात कुणाचं तरी पोर पोहायला उतरतं. सतराव्या शतकातल्या पाथरवटाला त्याच कातळात, त्याच छिन्नीनं, पुढचा उपयोग ठरवून खोदता येत होतं. आपल्याकडे तर पोकलेन आहे. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि खाली खाणीत पाणी साचून पडलेलं असतं. परवान्याच्या नकाशात खाणीचा शेवटचा आकार आधी आखून घेतला, तर खाण बंद होईल त्या दिवशी गावाला तळं मिळेल. आपल्या खात्यानं राजगडावरच्या टाक्यांची मापं आणि रेखाटनं जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवली, तर नमुना म्हणून तीच पुरतील.

मोजमापाला वेळ साधावी लागेल. पावसाळ्यानंतर टाकी भरलेली असतात, तळ दिसत नाही. होळीनंतर पाणी उतरू लागतं आणि मेच्या मध्याला बहुतेक टाकी तळाला जातात. पावसाळ्याच्या आधीचे ते तीन-चार आठवडे धरा. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर पाहायला सांगा, तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव उठून दिसतात, दुपारी काही दिसत नाही. गड चढायला माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण टेप धरायला, आकडे लिहून घ्यायला भोर आणि वेल्ह्याच्या महाविद्यालयांतली पोरं मिळतील. मोजमाप पुस्तक कसं भरायचं ते मी त्यांना खाली बसून शिकवीन.

कळावे.

आपला,
भोरचा एक निवृत्त ओव्हरसिअर

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
1. मा. जिल्हाधिकारी, पुणे (गौण खनिज शाखा)
2. तहसीलदार, भोर
3. तहसीलदार, राजगड (वेल्हे)